सरड्याची टोपी आणि पाण्याचे खरेदीखत

कार्टून म्हणजे मुलांचा खाऊ, ही आपल्याकडची पक्की समजूत. पडद्यावर बोलणारे प्राणी दिसले की वडीलधारी मंडळी निर्धास्त होतात. मुलांना समोर बसवतात आणि स्वतः वर्तमानपत्र उघडतात. खरे म्हणजे ज्या देशात पंचतंत्र जन्मले, त्या देशात तरी ही समजूत रुजायला नको होती. विष्णुशर्म्याने करटक-दमनकाच्या गोष्टी सांगितल्या त्या अमरशक्ती राजाच्या तीन मुलांना झोपवण्यासाठी नव्हेत. राज्य कसे चालते आणि कसे बुडते हे त्यांना कळावे म्हणून. कोल्ह्याच्या तोंडून प्रधानाची लबाडी सांगता येते आणि प्रधानाला उघडपणे रागही धरता येत नाही, ही सोय आपल्या पूर्वजांनी फार आधी ओळखली होती. पुढे याच गोष्टी पहलवी भाषेतून अरबीत गेल्या, 'कलिला व दिम्ना' झाल्या आणि दरबारादरबारांत वाचल्या गेल्या.

ही जुनी सोय वापरून अमेरिकेत एक विनोदी अ‍ॅनिमेशनपट निघाला, त्याचे नाव 'रँगो'. मार्च २०११ मध्ये तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक गोर व्हर्बिन्स्की, पटकथाकार जॉन लोगन आणि नायकाचा आवाज जॉनी डेप या नटाचा. 'स्टार वॉर्स'च्या करामतींसाठी स्थापन झालेल्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट. सुमारे साडेतेरा कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाला फेब्रुवारी २०१२ मध्ये उत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. प्रदर्शित झाला तेव्हा तिकडच्या पालकांत थोडी कुजबुज झाली. प्राणी कुरूप, धुळीने माखलेले, बोलणे खवचट, दारूचा गुत्ता, बंदुका, मृत्यूवरचे विनोद. पात्रे विड्या-सिगार ओढतात म्हणून आरोग्य संघटनांनी आक्षेपही घेतला. हा मुलांचा चित्रपट की मोठ्यांचा, हा प्रश्न तेव्हापासून त्याला चिकटून आहे.

आमच्या शाळेत नववीच्या वर्गाला तो दाखवला, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मला त्या खोलीतच ऐकू आले. सरडा धडपडला, ससाण्याने त्याचा पाठलाग केला, बाटल्या फुटल्या, की मुले खदखदून हसत. मागच्या बाकावर बसलेले आम्ही शिक्षक मात्र भलत्याच ठिकाणी हसत होतो. खुर्चीतून गावाच्या भवितव्यावर गोड बोलणारा नगराध्यक्ष कासव दिसला की आमच्यात खसखस पिके आणि मुले वळून आमच्याकडे बघत. मुलांना तिथे विनोद दिसत नव्हता, कारण त्यांनी अजून नगराध्यक्ष पाहिलेले नाहीत.

गोष्ट थोडक्यात अशी. काचेच्या पेटीत पाळलेला एक सरडा मोहावीच्या वाळवंटातून जाणाऱ्या गाडीतून रस्त्यावर पडतो. आयुष्यभर एकटाच नाटके करत बसलेला हा प्राणी तहानेने व्याकूळ होऊन 'डर्ट' नावाच्या गावात पोहोचतो. डर्ट म्हणजे माती, धूळ. गाव नावासारखेच आहे. तिथे तो नाव विचारल्यावर बाटलीवरच्या 'दुरांगो' या स्पॅनिश गावनावाचा तुकडा उचलून स्वतःचे नाव 'रँगो' सांगतो आणि एका गोळीत सात भाऊ लोळवल्याची थाप ठोकतो. गावाला नायक हवाच असतो. त्याला शेरीफचा बिल्ला मिळतो. या गावात बँकेच्या तिजोरीत पैसा नाही, पाणी ठेवतात. कचेऱ्यांत असते तशा पाण्याच्या मोठ्या बाटलीत गावाची सारी पुंजी, आणि ती आटत चाललेली. दर बुधवारी सारे गाव वाजतगाजत एका नळापाशी जमते, नगराध्यक्ष नळ उघडतो आणि त्यातून चिखलाचा गोळा पडतो. मग बाटली चोरीला जाते, बँकेचा व्यवस्थापक भर वाळवंटात पाण्यात बुडून मेलेला सापडतो आणि शेरीफसाहेबांना पहिल्यांदाच खरे काम करावे लागते.

इथपर्यंत हसण्यासारखे बरेच आहे. पण व्यवस्थापकाच्या त्या प्रेतापाशी चित्रपट पाहणाऱ्या जाणत्या माणसाला एक जुनी गोष्ट आठवते. १९७४ साली रोमन पोलान्स्कीचा 'चायनाटाऊन' आला होता. त्यातही दुष्काळात एक पाणीअधिकारी बुडून मेलेला सापडतो, त्यातही कोणी तरी गुपचूप जमिनी घेत असतो, आणि त्यातही सगळ्यामागे एक गोडबोल्या म्हातारा बसलेला असतो. त्या म्हाताऱ्याचे काम जॉन ह्यूस्टन या दिग्दर्शकाने केले होते. आपल्या कासवाची हॅट, आवाजाची ढब आणि खुर्चीतली ऐट थेट त्याच्यावरून घेतली आहे. 'चायनाटाऊन'ची पटकथा रॉबर्ट टाऊन यांनी लिहिली आणि तिलाही ऑस्कर मिळाले. आणि त्या पटकथेच्या मागे काल्पनिक नव्हे, घडलेला इतिहास आहे. तो लॉस एंजेलिस शहराच्या पाण्याचा इतिहास. सरड्याच्या टोपीखाली तो दडलेला आहे, आणि मोठी माणसे या चित्रपटाला मुलांपेक्षा जास्त का हसतात आणि हसता हसता गप्प का होतात, हे तो वाचल्यावर कळते.

लॉस एंजेलिस हे मुळात दुभाषी गाव. १७८१ मध्ये स्पॅनिश वसाहत म्हणून ते वसले, पुढे मेक्सिकोत गेले आणि १८४८ च्या तहानंतर कॅलिफोर्नियाबरोबर अमेरिकेत आले. राज्य बदलले तरी पाण्याचे शब्द स्पॅनिशच राहिले. नदीतून गावात येणाऱ्या मुख्य पाटाला 'सांहा माद्रे' म्हणजे आईपाट म्हणत आणि पाटाची राखण करणाऱ्याला 'सांहेरो'. खानदेशातल्या फड पद्धतीत जो पाटकरी असतो, तोच हा. १८५५ मध्ये बेलफास्टला जन्मलेला विल्यम मुल्होलंड हा आयरिश तरुण १८७८ मध्ये या शहराच्या पाणी कंपनीत पाटकरी म्हणून लागला. गाळ उपसण्यापासून सुरुवात करून, रात्री अभियांत्रिकीची पुस्तके वाचत, तो शहराच्या सगळ्या पाणीपुरवठ्याचा मुख्य अभियंता झाला. ही गोष्ट कोणत्याही शाळेच्या भिंतीवर लावण्याजोगी आहे.

शहर मात्र वेड्यासारखे वाढत होते. १९०० मध्ये लोकसंख्या सुमारे एक लाख दोन हजार, १९१० मध्ये तीन लाखांवर. नदी तेवढीच. तेव्हा मुल्होलंडचा जुना वरिष्ठ आणि शहराचा माजी महापौर फ्रेड ईटन याने त्याला सिएरा नेवाडा पर्वताच्या पलीकडची ओवेन्स नदी दाखवली. बर्फाचे पाणी घेऊन येणारी ही नदी एका लांबट खोऱ्यातून वाहत ओवेन्स तलावाला मिळे. खोऱ्यात शेती होती, सफरचंदांच्या बागा होत्या. १८७० च्या दशकात त्या तलावातून चांदी वाहून नेणारी आगबोट चालत असे, एवढे पाणी होते. हे शेतकरीही तिथले मूळ रहिवासी नव्हेत. त्यांच्या आधी पाइऊट जमातीचे लोक स्वतः पाट काढून रानकंदांना पाणी देत. १८६३ मध्ये सैन्याने त्यांना खोऱ्यातून हाकलून नेले होते. या खोऱ्यातून पाणी दोनदा गेले, हे लक्षात ठेवले पाहिजे.

दुसऱ्या वेळी सैन्य लागले नाही. १९०४-०५ मध्ये ईटन खोऱ्यात फिरला आणि नदीकाठच्या जमिनींचे विसार त्याने करून घेतले. त्याच सुमारास सरकारचे सिंचन खाते तिथे शेतकऱ्यांसाठी मोठी योजना आखत होते. ईटन त्या योजनेचाच माणूस असावा, असा अनेकांचा ग्रह झाला. आणि त्या खात्याचा कॅलिफोर्नियातला प्रमुख अभियंता लिपिनकॉट हा त्याच वेळी लॉस एंजेलिस शहराचाही पगारी सल्लागार होता. जुलै १९०५ मध्ये शहरातल्या वर्तमानपत्रात बातमी फुटली, तेव्हा खोऱ्याला कळले की नदी विकली गेली आहे. शहराजवळच्या सान फर्नांडो खोऱ्यातही कोरडी जमीन आधीच विकत घेतली गेली होती. ती घेणाऱ्यांत वर्तमानपत्राचे मालक हॅरिसन ग्रे ओटिस आणि रेल्वेसम्राट हेन्री हंटिंग्टन यांच्यासारखी मंडळी होती. पाणी आल्यावर कोणत्या जमिनीचे सोने होणार, हे त्यांना ठाऊक होते.

शहरवासीयांनी १९०५ आणि १९०७ मध्ये मतदान करून कर्जरोखे मंजूर केले. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कौल शहराच्या बाजूने दिला. थोड्या शेतकऱ्यांपेक्षा पुष्कळ नागरिकांचे हित मोठे, असा त्यामागचा विचार. १९०८ ते १९१३ या काळात २३३ मैलांचा, म्हणजे सुमारे ३७५ किलोमीटरचा कालवा बांधला गेला. कुठेही पंप नाही. बोगदे आणि लोखंडी नळ यांतून डोंगर-वाळवंट ओलांडत पाणी केवळ उतारावर चालत आले. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी हजारो लोकांसमोर दरवाजे उघडले. मुल्होलंडचे भाषण हा तिकडच्या शाळांतला आवडता किस्सा आहे. त्याने पाण्याकडे हात केला आणि म्हटले, ते आले, घ्या. तेवढेच. दोन वर्षांत सान फर्नांडो खोऱ्याचा बहुतेक भाग शहरात सामील झाला.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाही तर इतिहासाचा विपर्यास होईल. यात कायद्याने चोरी कुठेच नव्हती. प्रत्येक एकराचे खरेदीखत होते, पैसे दिलेले होते, मतदान झालेले होते, अध्यक्षांची संमती होती. शहराला पाण्याची गरजही खरी होती. ती मुल्होलंडने कल्पनेतून काढलेली नव्हती. तरीही खोरे उजाड झाले. १९२६ पर्यंत ओवेन्स तलावाचा तळ उघडा पडला. पुढे त्या कोरड्या तळावरून उडणारी धूळ अमेरिकेतल्या सर्वांत वाईट धुळीच्या वादळांत गणली गेली आणि ती बसवण्यासाठी शहराला शंभर कोटी डॉलरहून अधिक खर्च करावा लागला. 'डर्ट' या गावनावाचा विनोद इथे येऊन थांबतो.

शेतकरी गप्प बसले नाहीत. मे १९२४ मध्ये त्यांनी कालव्याला सुरुंग लावला. १६ नोव्हेंबर १९२४ रोजी स्थानिक बँकवाला मार्क वॉटरसन याच्या पुढाकाराने साठ-सत्तर माणसांनी अलाबामा गेट्स या ठिकाणी कालव्याची दारे ताब्यात घेतली आणि पाणी परत नदीत सोडले. चार दिवस दारे त्यांच्या हातात होती. बायका-मुले डबे घेऊन आली, चुली पेटल्या, जत्रा भरली. त्या काळचा सर्वांत लोकप्रिय काउबॉय नट टॉम मिक्स जवळच चित्रीकरण करत होता. त्याने आपल्याकडचे मेक्सिकन वादक तिथे गाणी वाजवायला पाठवले, असे त्या प्रसंगाच्या हकीकतीत येते. 'रँगो'त गोष्ट सांगत फिरणारी चार घुबडे मेक्सिकन मारियाची वादकांच्या वेशात आहेत. दिग्दर्शकाच्या मनात हा प्रसंग होता की नाही, हा प्रश्न मी सोडून देतो. वाचकाच्या मनात तो राहायला हरकत नाही.

लढा मोडला तो बंदुकीने नव्हे, बँकेने. ऑगस्ट १९२७ मध्ये मार्क आणि विल्फ्रेड या वॉटरसन बंधूंच्या बँका बंद पडल्या. खोऱ्याची आयुष्यभराची बचत त्यांत होती. अपहाराच्या आरोपावरून दोघे भाऊ तुरुंगात गेले आणि शेतकऱ्यांपाशी विकण्याखेरीज काही उरले नाही. १९३० च्या दशकापर्यंत खोऱ्यातली बहुतेक शेतजमीन शहराच्या मालकीची झाली. बँक रिकामी झाली की गाव विकले जाते, हे 'रँगो'तल्या पाण्याच्या बँकेत इतके सोपे करून दाखवले आहे की मुलांना ती केवळ गंमत वाटते.

मुल्होलंडचाही शेवट सुखाचा नाही. त्याने बांधलेले सेंट फ्रान्सिस धरण १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास फुटले आणि चारशेहून अधिक माणसे वाहून गेली. त्याच दिवशी सकाळी त्याने स्वतः धरणाची पाहणी करून ते सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला होता. चौकशीत त्याने दोष दुसऱ्या कोणावर ढकलला नाही. १९३५ मध्ये तो वारला. ज्याने पाणी आणले तो कथेतला दुष्ट म्हातारा नव्हता. तो कर्तबगार, कष्टाळू आणि फार आत्मविश्वासाचा माणूस होता. 'चायनाटाऊन'ने १९०५ चे प्रकरण १९३७ मध्ये नेले, त्यात खून घातला आणि खलनायक उभा केला. कथेला ते शोभते, पण हजारो प्रेक्षक तोच इतिहास समजून बसले. 'रँगो' तर त्या कथेचीही नक्कल. म्हणून चित्रपट हा पुरावा नव्हे, खूण आहे. खुणेवरून कागदापर्यंत जावे लागते.

आता या खोऱ्याची दुसरी ओळख. ओवेन्स खोऱ्यातल्या लोन पाइन गावाजवळ अलाबामा हिल्स नावाचे गोलाकार खडकांचे रान आहे. १९२० पासून तिथे शेकडो काउबॉयपट चित्रित झाले. टॉम मिक्स, जीन ऑट्री, रॉय रॉजर्स हे सारे त्या खडकांतून घोडे दौडवत गेले. एवढेच नव्हे, १९३९ चा 'गंगा दीन' हा हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर घडणारा हॉलीवूडचा चित्रपटही तिथेच काढला. आपले खैबरचे डोंगर म्हणून जगाने पाहिले ते कॅलिफोर्नियातले दगड. म्हणजे ज्या खोऱ्याचे पाणी खरेदीखताने गेले, त्याच खोऱ्यात उभे राहून हॉलीवूडने जगाला सांगितले की पश्चिमेचा निकाल बंदुकीने लागला. कॅमेऱ्याला पिस्तूल दिसले, कालवा दिसला नाही.

या बंदुकीच्या कथेचा प्रवास मोठा आहे. जपानच्या कुरोसावाचा १९६१ चा 'योजिंबो' इटलीच्या सर्जिओ लेओनेने १९६४ मध्ये काउबॉयच्या वेशात उभा केला आणि त्यातून क्लिंट ईस्टवूडचा अबोल, अनामिक नायक जन्मला. तीच हवा १९७५ मध्ये आपल्या 'शोले'पर्यंत आली आणि कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत रामगढ वसले. 'रँगो'त हा अनामिक नायक 'पश्चिमेचा आत्मा' म्हणून भेटतो, पण घोड्यावर नाही, गोल्फच्या मैदानावरच्या छोट्या गाडीत. मुलांना तो एक म्हातारा वाटतो. ज्यांनी तरुणपणी टॉकीजमध्ये खाली बसून हे चित्रपट पाहिले, त्यांना त्या गाडीचे हसू येते आणि थोडे वाईटही वाटते.

चित्रपटाचा खरा कणा मात्र याच्यानंतर येतो. नगराध्यक्ष गावाभोवतीच्या जमिनी कवडीमोलाने घेत असतो. पाणी त्याने वाळवंटात उभ्या राहणाऱ्या नव्या शहराकडे वळवलेले असते. बीन्स नावाची शेतकरीण बापाची जमीन विकायला तयार नसते. तेव्हा तो जेक नावाच्या भयंकर रॅटलस्नेकला बोलावतो. जेकच्या शेपटीला खुळखुळ्याऐवजी बंदूक आहे. तो साप बीन्सला विळखा घालतो कशासाठी? जीव घेण्यासाठी नव्हे, सहीसाठी. आणि सही मिळण्याची खात्री होताच नगराध्यक्ष त्याच सापावर उलटतो. तुझ्यासारख्या बंदूकबाजांचा काळ संपला, आता कारभार व्यापाऱ्यांचा, अशा अर्थाचे तो बोलतो. सारा काउबॉयपट शंभर वर्षे जे झाकून ठेवत आला ते एका कासवाच्या तोंडून बाहेर पडते. बंदूक कागदाच्या चाकरीत होती. काम झाले की तिलाही रजा. मागच्या बाकावर आम्ही त्या क्षणी हसलो नाही.

हे भाकीत करणारा एक माणूस अमेरिकेतच होऊन गेला होता. जॉन वेस्ली पॉवेल हा एका हाताने अधू सैनिक कोलोरॅडो नदीतून होडीने उतरला आणि १८७८ मध्ये त्याने कोरड्या प्रदेशांवर सरकारला अहवाल दिला. पश्चिमेत पाणी थोडे आहे. तेव्हा चौकोनी तुकडे पाडून जमिनी वाटू नका, पाणलोटाप्रमाणे गावे आणि सीमा आखा, शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यावे, असे त्याचे म्हणणे. १८९३ मध्ये लॉस एंजेलिसमध्येच भरलेल्या सिंचन परिषदेत त्याने सांगितले की या जमिनींना पुरेल एवढे पाणी नाही, तुम्ही भांडणतंट्यांचा वारसा साठवत आहात. सभेने त्याची हुर्यो उडवली. सीमा नद्यांप्रमाणे आखल्या असत्या तर काय झाले असते, हा प्रश्न सीमाभागात राहणाऱ्या माणसाला परका नाही. कृष्णेसाठी लवाद बसला, म्हादईसाठीही बसला.

पॉवेलचे पुढे खरे ठरले. १९२२ च्या करारात कोलोरॅडो नदीचे पाणी सात राज्यांत वाटले गेले, तेही नदीला भरपूर पाणी असलेल्या वर्षांच्या हिशेबावर. त्या नदीवर ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारला पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर करावी लागली. 'रँगो'त नळाचे मूळ शोधत सरडा ज्या झगमगत्या शहरापाशी पोहोचतो ते लास व्हेगास आहे. चित्रपट आला तेव्हा लास व्हेगासची उत्तरेच्या ग्रामीण नेवाडातून जमिनीखालचे पाणी नळाने आणण्याची योजना प्रत्यक्षात कागदावर होती. १९८९ मध्ये त्यासाठी अर्ज केलेले होते. शेतकरी, मूळ जमाती आणि पर्यावरणवादी तीस वर्षे न्यायालयात झगडले आणि २०२० मध्ये ती योजना गुंडाळली गेली. ओवेन्स खोऱ्यालाही थोडा न्याय असाच मिळाला. त्याच कालव्यासाठी १९४१ पासून ज्या मोनो तलावाचे पाणी काढले जात होते, त्याच्याबाबत १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असे पाणी ही जनतेची ठेव आहे आणि सरकार तिचे विश्वस्त. १९९४ मध्ये तलावाला पाणी राखून ठेवण्याचा आदेश निघाला. डिसेंबर २००६ मध्ये ओवेन्स नदीच्या खालच्या पात्रात पुन्हा पाणी सोडण्यात आले. ते कोणत्या शेरीफने सोडले नाही. वर्षानुवर्षे कागद वाचणाऱ्या, तारखांना हजर राहणाऱ्या माणसांनी सोडवून घेतले.

चित्रपटात शेवट अर्थातच वेगळा आहे. झडप उघडली जाते, पाण्याचा लोंढा गावात येतो, धूळ ओली होते. मुले टाळ्या वाजवतात आणि त्यांनी वाजवाव्याच. पण खोट्या नावाने आलेला नायक खरा होतो तो गोळीबाराने नव्हे, हे त्यांना कोणी तरी सांगायला हवे. पाणी जाते कुठे, हा साधा प्रश्न तो विचारतो आणि नळाच्या मागे मागे चालत जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम याहून निराळे नाही.

आपल्या दुभाषी जिल्ह्यांतल्या घरांना यात एक अधिकचा अर्थ आहे. आपल्याकडे घरातले बोलणे एका भाषेत आणि जमिनीचा उतारा बहुधा दुसऱ्या भाषेत असतो. शाळेत दाखल्यासाठी येणाऱ्या पालकांना मी पाहतो. समोरचा कागद काय म्हणतो हे न विचारता बोट दाखवलेल्या जागी सही करणारे अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांत शिकलेलेही आहेत. मुलगा मराठीत शिकतो की कन्नडात, की इंग्रजीत, यावर आपण दिवाळीच्या फराळासमोर तासन्‌तास वाद घालतो. ज्या भाषेत आपल्या विहिरीचा, शेताचा आणि पाटाचा कागद लिहिला जातो, ती भाषा त्याला वाचता येते का, हे मात्र क्वचित विचारतो. ओवेन्स खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना भाषा येत होती, तरी विसाराच्या कागदामागचा हात दिसला नाही. आपल्याला तर आधी भाषेचीच पायरी चढायची आहे.

तेव्हा या सुटीत घरात 'रँगो' लागला, तर मोठ्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून मुलांशेजारी बसावे. मुले जिथे हसतील तिथे हसावेच. आणि तो साप बीन्सपुढे कागद सरकवील तेव्हा मुलांना हळूच विचारावे, त्या कागदावर काय लिहिले असेल?